वाटेवरचं ताट आणि गळ्यातली माळ

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे निघालं की वाटेत घाटनांदूर लागतं. अंबाजोगाई शहरात रेल्वे नाही, म्हणून योगेश्वरीच्या दर्शनाला रेल्वेने येणारे परळीला नाहीतर इथे उतरतात. अंबाजोगाईतच मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधी. अशा मुलखातला माणूस घराबाहेर पडतो तो बऱ्याचदा देवाच्या निमित्ताने. दर्शन उरकलं की जेवायचं कुठे, हा प्रश्न मात्र आता धर्मशाळेच्या पंगतीपुरता राहिलेला नाही.

वैजनाथ ज्याचं दैवत, तो कधी ना कधी त्र्यंबकेश्वरलाही जातो. त्याच नाशिक परिसरात, गंगापूर धरणाजवळ, सुला कंपनीने २००५ साली वाइन चाखण्यासाठी दालन उघडलं. पुण्यात मुक्काम पडला तर तिथे नोकरीला असलेला मुलगा हौसेने सगळ्यांना बार्बेक्यूला घेऊन जातो. आता सोबतच्या चौघांपैकी एकाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, एकाच्या घरी कंदुरी होते, एकाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आहे आणि एक जण रोजे धरणारा आहे. चौघेही भुकेले. घरचा नेम वाटेवर कुणाला किती बांधतो?

धर्मांनी याचं एकच उत्तर दिलेलं नाही. वारकऱ्याने माळ घातली की मांस आणि मद्य दोन्ही सुटतं, मग गाव कोणतंही असो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मांसाला बंदी नाही. इस्लामने प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची आणि नमाज आटोपशीर करण्याची मुभा दिली, पण ती मुभा मद्यापर्यंत जात नाही. ख्रिस्ती उपासनेत द्राक्षारस थेट वेदीवर असतो. उज्जैनच्या काळभैरवाला मद्याचा नैवेद्य चढतो आणि कंदुरीत बोकडाचं मटण हाच प्रसाद असतो. अमुक पदार्थ पवित्र की अपवित्र, यावर वाद घालत बसलं तर प्रवास संपेल, वाद संपणार नाही.

या गुंत्यात छांदोग्य उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट फार मोलाची आहे. गारपिटीने कुरुदेशातली पिकं झोपली होती. हा विद्वान बायकोसह एका माहुताच्या गावी येऊन राहिला होता. माहूत कुळीथासारखं कसलंसं हलकं कडधान्य खात होता. उषस्तीने तेच मागितलं. माहूत म्हणाला, ताटातल्या या उष्ट्याखेरीज माझ्याजवळ काही नाही. उषस्तीने ते उष्टं घेतलं आणि खाल्लं. मग माहुताने पाणी पुढे केलं, तेव्हा मात्र त्याने हात आखडला: ते उष्टं आहे, नको. माहूत चकित झाला. दाणे उष्टे नव्हते का? उषस्तीचं म्हणणं असं, की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवं तिथे मिळेल.

नियम त्याने मोडला, पण गरज होती तेवढाच. गरज संपली त्या घासापाशी तो थांबला. उरलेले दाणे बायकोने जपून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी तेच खाऊन तो राजाच्या यज्ञात गेला आणि तिथल्या ऋत्विजांना त्याने निरुत्तर केलं. उष्टं खाल्ल्याने त्याचा अधिकार तसूभरही उणा झाला नाही.

आता पुण्यातलं ते टेबल पाहू. मधोमध खाच, खाचेत निखाऱ्यांची सिगडी, तिच्यावर सळया. पनीर, अननस, कोळंबी, कोंबडी. काही ठिकाणी टेबलावर एक छोटा झेंडा असतो. तो उभा आहे तोवर वाढपी सळया आणत राहतो. पुरे झालं की पाहुण्याने तो आडवा करायचा. पैसे माणशी ठरलेले, म्हणून वसूल करण्याची ओढ प्रत्येकाला असते. इथे गरज पहिल्या दोन सळयांतच भागलेली असते. त्यापुढे जे चालतं त्याला आपद्धर्माचा आधार नाही.

वाइन चाखण्याची रीत याच्या उलट आहे. पेल्यात जेमतेम दोन घोट. आधी रंग पाहायचा, पेला फिरवायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर घोळवायचं. पारखी माणूस अनेकदा घोट गिळतही नाही, बाजूच्या भांड्यात टाकतो. ज्याच्या धर्मात मद्य निषिद्ध आहे त्याला या नजाकतीने सूट मिळत नाही, हे खरं. पण ज्याला निषिद्ध नाही त्याच्यापुढे ती मोजून घेण्याचा एक नमुना ठेवते.

मग चव घेणंच दोष मानायचं का? गांधीजींच्या आश्रमातल्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत होतं: अन्न शरीरासाठी, जिभेसाठी नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला इशारा अधिक खोल आहे. उपाशी माणसापासून विषय दूर होतात, गोडी मात्र मागे राहते. म्हणजे ताट सरकवून दिलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. गांधीजींचं व्रत थोर आहे, पण ते आश्रमात राहून पाळायचं होतं. संसारी प्रवाशाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे, की आवड असेल तिला आवड म्हणावं. ‘बाहेरगावी चालतं’, ‘मुलाचं मन कसं मोडू’ अशा सबबी तिला चिकटवू नयेत. माळ खुंटीला अडकवता येते, पण ती कशासाठी अडकवली हे अडकवणाऱ्याला ठाऊक असतं.

नेम पाळणाऱ्यालाही एक पथ्य आहे. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकायला मिथिलेला जातो आणि त्याला गुरू भेटतो तो मांसाच्या दुकानात बसलेला व्याध. म्हणून त्या चौघांत माळकऱ्याने शेजारच्या ताटाकडे पाहून नाक मुरडू नये. त्याची सळई मांसाच्या निखाऱ्यावर भाजली जाणार नाही, हे बाकीच्यांनी त्याने न सांगता पाहावं. आणि परतीला गाडी चालवणारा कुठल्याही धर्माचा असला, तरी वाइनचा पेला त्याच्यापुढे येता कामा नये.