धाडणारे गुरुजी

‘एक्स-मेन’ ही अमेरिकन चित्रकथा स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली सुरू केली. तिचे जाडजूड संग्रह आता आमच्या गोंदियाकडच्या पोरांच्याही हाती दिसतात. तीत पाच तरुण वीर. एकाच्या डोळ्यांतून तांबडा किरण निघतो, एकाला पंख आहेत, धाकटा बर्फाचा होतो. मुलांना याचेच कौतुक! माझे लक्ष मात्र त्यांच्या गुरुजींकडे जाते. हे प्रोफेसर झेवियर चाकांच्या खुर्चीत बसून शिष्यांना लढाईवर धाडतात. वर्ग घेणाऱ्या माणसाला हे सहज पचत नाही. शिष्याच्या अंगी बळ आहे, एवढ्यावरून त्याला संकटात लोटण्याचा अधिकार गुरूला मिळतो काय? युधिष्ठिराने अभिमन्यूला निदान मागोमाग येण्याचे वचन दिले होते. झेवियर मनाने सोबत असतात, हे खरे. पण घाव देहालाच बसतो.

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सवंगडी पडले. तेही पाचच, आणि सिद्धी एकाहीपाशी नव्हती. त्यांच्याविषयी शिकविताना ‘असे व्हा’ हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. ‘तेव्हा मोठी माणसे कोठे होती?’ असे एखादे पोर विचारते. पुढारी ९ ऑगस्टपासूनच पकडले जात होते, असे मी सांगतो. पोराचे तेवढ्याने समाधान होत नाही.