सेवा सक्तीची की मनापासूनची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुबंधू-भगिनींनो,
तरुणांना देशसेवा सक्तीची करावी, असं आपण घरात सहज बोलून जातो. कॉलेजात १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. दोन वर्षांत २४० तास भरायचे. त्यातही कुणी नुसते तास भरतो, कुणाचं मन भरतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात घाम गाळणारी मुलंही आपखुशीनंच भरती झालेली. सक्तीनं हातात झाडू येईल, भाव कुठून येणार?

पण म्हणून आपण सुटलो नाही. ‘अभ्यास आहे’ म्हणत उत्सवात पंगत वाढायला मुलांना आपणच पाठवत नाही, आणि सरकारनं शिकवावं म्हणतो! येत्या गुरुवारी मठात आधी आपण झाडू घेऊया. इथली सवयच पुढे देशाच्या कामी येईल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥