अस्वलाचा रंग कोणता?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं रोज असली गणितं सोडवतात: सर्व टेबलं मांजरं आहेत, काही मांजरं पुस्तकं आहेत, तर काही पुस्तकं टेबलं आहेत का? एखादी मुलगी कच्च्या कागदावर तीन वर्तुळं काढते, एकमेकांत अडकवून बघते आणि ‘निष्कर्ष निघत नाही’वर खूण करून पुढे सरकते. टेबलाचं मांजर कसं झालं, हे तिनं विचारायचं नसतं. दिलेली विधानं वस्तुस्थितीला धरून नसली तरी खरी माना, अशी ताकीदच अशा प्रश्नांच्या वर असते.

तर्काचा सत्याशी संबंध किती, हा जुना वाद त्या ताकिदीत मुरलेला आहे.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला आणि निरक्षर शेतकऱ्यांना कोडी घालू लागला. अति उत्तरेला, जिथं बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या अति उत्तरेला आहे. तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? अनेकांच्या उत्तरांचा सूर एकच होता: आम्ही तिकडं गेलेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा. थोडंफार शालेय शिक्षण झालेल्यांनी मात्र तेच कोडं सहज सोडवलं.

त्या शेतकऱ्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे. पण एखाद्या नैयायिकानं, म्हणजे न्याय या भारतीय तर्कपरंपरेच्या पंडितानं, त्यांची बाजू निम्मी तरी उचलून धरली असती. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आजही न्यायशास्त्राचं पहिलं पुस्तक म्हणून शिकवला जातो. त्यात डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे, एवढ्यावर भागत नाही; जिथं धूर तिथं आग, हे सांगताना स्वयंपाकघराचं उदाहरण द्यावंच लागतं. अनुमानाच्या पाच अवयवांत उदाहरण हा एक अवयवच आहे. उलट दिशेनंही जाता येत नाही: तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. क्लासमधली मुलं हाच नियम वर्तुळांनी शिकतात, फक्त गोळ्याचा चटका वगळून.

न्यायात ‘समजा’ला जागाच नाही, असंही नाही. डोंगरावर आग नाही असं धरलं तर धूरही नसायला हवा, हा तर्क नैयायिकांना चालतो. मात्र ते त्याला प्रमाण मानत नाहीत, प्रमाणाचा मदतनीस म्हणतात. या हिशेबानं परीक्षेतली टेबलं आणि मांजरं ही मदतनिसाची कवायत ठरते. कवायत म्हणून ती उत्तमच. स्वतःचे ग्रह क्षणभर बाजूला ठेवता येणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

गडबड होते ती या कवायतीला उपजत बुद्धीचं माप समजलं की. अमेरिकेतली सॅट परीक्षा १९२६ मध्ये सुरू झाली. तिचा शिल्पकार कार्ल ब्रिगम यानं १९२३ मध्ये बुद्धिचाचण्यांच्या आधारे वंशावंशांची उतरंड मांडली होती. १९३० मध्ये त्यानंच ते निष्कर्ष मागे घेतले. आपल्याकडे केंद्रीय लोकसेवा आयोगानं २०११ मध्ये सीसॅट हा कलचाचणीचा पेपर आणला. २०१४ मध्ये त्याविरुद्ध दिल्लीत उमेदवार रस्त्यावर उतरले आणि २०१५ पासून तो पेपर तेहतीस टक्क्यांपुरता, केवळ पात्रतेचा उरला. क्लास लावून गुण वाढतात हे घरोघरी ठाऊक असताना त्याला ‘कल’ म्हणायचं की सराव?

तर्काची परीक्षा पेपरापलीकडेही होते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी १९२३ मध्ये कलकत्त्याची तर्कतीर्थ परीक्षा दिली. पुढे गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे की नाही, या वादात त्यांनी गांधीजींना साथ दिली. तिथं नुसता निष्कर्ष तपासून चालण्यासारखं नव्हतं. समोर ठेवलेली विधानं मुळात मानायची का, हाच प्रश्न होता. १९३३ मध्ये पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला. त्याचं पौरोहित्य याच तर्कतीर्थांनी केलं.