दोन मस्टरांवर एक नाव

तालुक्याच्या ठिकाणच्या सीनिअर कॉलेजात दुपारी बाराच्या पुढे गेलं की बहुतेक वर्ग ओस पडलेले दिसतात. प्राध्यापक याला मुलांची अनास्था म्हणतात, मुलं म्हणतात शिकवायला कोणी येत नाही, आणि दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं. पण बाक रिकामे असण्याचं मोठं कारण कॉलेजच्या फाटकाबाहेर सापडतं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, बी.एस्सी.ची मुलगी क्लासमध्ये सातवीची गणितं घेत असते, कोणी पेट्रोल पंपावर, कोणी केटरिंगवाल्याकडे, कोणी एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली पॅकिंगला. पदवी आणि पगारी काम यांची सांगड घालावी का, यावर चर्चासत्रं भरतात. मुलांनी ती केव्हाच घातली आहे. फक्त तिची कुठे नोंद नाही, आणि तिचा सगळा ताण एकट्या मुलाने सोसायचा आहे.

म्हणूनच ॲप्रेंटिसशिपसह पदवी ही कल्पना मला महत्त्वाची वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२५ मध्ये ती नव्याने मांडली. तीन वर्षांच्या पदवीतली एक ते तीन सत्रं विद्यार्थ्याने कंपनीत काढायची, तिथल्या कामाची क्रेडिट पदवीत धरायची, त्या काळात त्याला विद्यावेतन द्यायचं, असा तिचा सांगाडा. वर्षभराच्या ॲप्रेंटिसशिपला किमान ४० क्रेडिट. ज्या घरात बारावीनंतर ‘आता कमवायला लाग’ हे वाक्य रोज कानावर पडतं, तिथल्या मुलाला यातून पदवी सुटण्याऐवजी पदरात पडू शकते. हे थोडं नाही.

तरीही ही योजना जशी राबवली जाण्याची भीती आहे, तशा राबवणीला माझा विरोध आहे. कंपनीच्या दारात उभ्या असलेल्या या मुलाला कामगाराचे हक्क मिळत नाहीत, कारण तो विद्यार्थी आहे. आणि विद्यार्थ्याचा वेळ मिळत नाही, कारण तो कामावर आहे. दोन मस्टरांवर त्याचं नाव असतं आणि दोन्हीकडे तो अर्धाच धरला जातो.

पहिली बाजू कायद्यातच लिहिलेली आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ॲप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. अपघात झाला तर भरपाई आहे, कामाच्या तासांवर मर्यादा आहे. पण भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. २०१९ च्या नियमांनी पदवीधर ॲप्रेंटिसचं किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवलं. चाकण-रांजणगावकडे कॉट बेसिसवर राहून, मेस लावून, घरी काही पाठवायचं म्हटलं तर त्यातलं किती उरतं, हे त्या भागात राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

शिकणाऱ्याला कामगाराहून कमी पैसे मिळावेत, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. त्याला शिकवण्यात कंपनीचा माणूस अडकतो, साहित्य वाया जातं, यंत्र थांबतं. पण हा सौदा खरा ठरतो तो शिकवलं जात असेल तरच. लाइनवरचं एक स्टेशन हाताळायला मुलगा पंधरा दिवसांत तयार होतो. त्यापुढचे साडेअकरा महिने तो तेच चार बोल्ट त्याच टॉर्कला आवळत असेल, शेजारच्या कायम कामगाराइतकंच टार्गेट काढत असेल, तर तो काय शिकतो आहे? तो स्वस्तात काम करतो आहे, एवढंच. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये ‘नीम’ योजना आणली, तिचा हेतूही प्रशिक्षणाचाच होता. औद्योगिक पट्ट्यात ‘नीम ट्रेनी’ हा शब्द लवकरच कंत्राटी कामगाराला पर्याय म्हणून रुळला, आणि शेवटी ती योजना गुंडाळावी लागली. तो धडा इतक्या लवकर विसरता येणार नाही, कारण आता पणाला पदवी लागलेली आहे.

काम आणि शिक्षण यांची सांगड कशी घालावी, या प्रश्नाची उत्तरं शोधायला महाराष्ट्राला फार लांब जावं लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, पुढे साताऱ्याला वसतिगृह उभं केलं, आणि १९४७ मध्ये तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. ‘कमवा आणि शिका’ हे त्या सगळ्याचं सूत्र होतं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राबत, एकत्र शिजवत, एकत्र जेवत. भाऊरावांचं हे धोरण गौरवाने सांगताना त्यातली एक गोष्ट सहसा सुटते. तिथे काम देणारा आणि शिकवणारा एकच होता. परीक्षा आली की शेतातलं काम थांबवायचा अधिकार त्याच माणसाकडे होता आणि मुलगा नापास झाला तर ते अपयशही त्याचंच होतं. स्वतः किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी विकलेल्या माणसाला कारखाना आणि बाजार काय असतो हे पक्कं ठाऊक होतं. तरी मुलांचं काम त्याने शाळेच्या कुंपणात ठेवलं.

दुसरं उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहे. तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले, म्हणजे कचेरीत कारकुनी करणाऱ्या तरुणाला दहा-साडेदहाला कामावर पोचता यावं. नोकरी सोडून ये, असं त्याला सांगितलं नाही. कॉलेजनेच आपलं घड्याळ पुढे घेतलं. नोकरदारांना पदवी मिळवून देण्याच्या इतर अनेक सोयींत शिकवणं पातळ झालं. इथे मात्र वेळ बदलली आणि वर्ग वर्गच राहिला, म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

आजच्या कंपनीबरोबरच्या पदवीत यातलं कुठलंच उत्तर जसंच्या तसं बसत नाही. काम देणारा वेगळा, शिकवणारा वेगळा. कंपनी तीन पाळ्यांत चालते, तिचं घड्याळ कोणासाठी सरकत नाही. मग सरकतं ते पदवीचं. दिवसभर शिफ्ट, संध्याकाळी ऑनलाइन लेक्चर, रविवारी प्रॅक्टिकल. रात्रपाळी करून आलेला मुलगा सकाळी मोबाइल भिंतीला टेकवून ‘हजर’ असतो आणि झोपलेला असतो. त्याला आळशी म्हणण्याची हिंमत ज्याने सलग आठवडाभर रात्रपाळी केली नाही त्याने करू नये.

सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये २७ अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना घेऊन काम आणि शिक्षण जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यांनी नेमकी ही अडचण हेरली होती. त्यांनी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक आठवडाभर वर्गात, दुसरा त्याच वेळी कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्याला जागेवर माणूस मिळे आणि विद्यार्थ्याला अखंड, विसावलेल्या डोक्याचा आठवडा. कामाचा मोबदलाही मिळे. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १९७४ मध्ये स्टुटगार्ट आणि मानहाइमला हाच विचार मोठ्या प्रमाणावर राबवायला घेतला, डाइम्लर-बेंझ आणि बॉश अशा कंपन्या त्यात पुढे होत्या. त्यातलं बॉशचं नाव नाशिक-चाकणच्या मुलांना ओळखीचं. स्टुटगार्ट-मानहाइमच्या त्या संस्थांचं २००९ मध्ये रीतसर उच्चशिक्षण संस्थेत रूपांतर झालं. विद्यार्थी आधी कंपनीशी तीन वर्षांचा करार करतो, मग त्याला प्रवेश मिळतो. साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, अशी आलटून-पालटून तीन वर्षं जातात. वेतन मात्र बाराही महिने सुरू असतं, वर्गातल्या महिन्यांतसुद्धा. माझ्या दृष्टीने त्या सगळ्या व्यवस्थेचा कणा हाच आहे. वर्गात बसणं हा कंपनीने पैसे मोजलेला वेळ आहे, त्यामुळे तो चोरून, झोप मोडून काढावा लागत नाही.

त्या पद्धतीची किंमतही आहे. सत्रांच्या मधल्या लांब सुट्ट्या नाहीत. कंपनीची रजा तेवढीच सुट्टी. अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक उचलावं, विषय बदलावा, वर्षभर नुसतं भटकावं, याला जागा उरत नाही. अठराव्या वर्षी एका कंपनीशी बांधून घेतलेला मुलगा जग त्या कंपनीच्या खिडकीतून पाहायला शिकतो. पदवीने माणसाला आपल्या कामाकडेही परक्या नजरेने पाहायला शिकवायचं असतं, आणि ते या वेगात सगळ्यात आधी गळून पडतं. आपण ही पद्धत उचलताना हा तोटा ओळखून उचलावी.

कंपनीत शिकण्यासारखं खूप असतं, याबद्दल मात्र मला शंका नाही. बी.एस्सी.च्या वर्गात प्रमाण विचलन शिकवताना फळ्यावर दहा काल्पनिक आकडे लिहिले जातात. तोच मुलगा क्वालिटी विभागात उभा असेल तर त्याच्यापुढे शाफ्टचे व्यास असतात, गेज असतं, आणि भिंतीवर कंट्रोल चार्ट असतो. हा चार्ट वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडला तो वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत, टेलिफोनच्या भागांचा दर्जा एकसारखा कसा राखावा या अडचणीतून. संख्याशास्त्राची एक सबंध शाखा कारखान्याच्या फरशीवरून उगवली आहे. पण मुलगा त्या चार्टवर नुसते ठिपके टिपत राहिला तर त्याला तो कधीच कळणार नाही. बिंदू रेषेबाहेर गेला की यंत्र बिघडलं असं का समजायचं, आणि आत असताना यंत्राला हात का लावायचा नाही, हा प्रश्न त्याला कोणीतरी विचारायला हवा. सुपरवायझर तो विचारणार नाही. त्याच्या डोक्यावर डिस्पॅच आहे. तो विचारायचा प्राध्यापकाने, आणि त्यासाठी त्याने कंपनीच्या गेटातून आत जायला हवं.

इथे येऊन महाराष्ट्रातलं सगळं गणित अडतं. वरिष्ठ महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत आणि शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही कित्येकदा महिनोन्‌महिने उशिरा. अशा शिक्षकाने पदरमोड करून एमआयडीसीत जावं, शॉप फ्लोअरवर मुलाशेजारी उभं राहावं, परत येऊन त्याचा अहवाल वाचावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? कंपनीला दिलेली भेट त्याच्या कार्यभारात मोजली जात नाही. परिणामी ४० क्रेडिट एका प्रमाणपत्रावर मिळतात, ज्यावर एचआरची सही असते आणि काम ‘समाधानकारक’ असतं. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत आणलेल्या चार क्रेडिटच्या ‘ऑन जॉब ट्रेनिंग’चं काय होतं हे आपण पाहतोच आहोत: काकांच्या दुकानाचा लेटरहेड, ओळखीच्या सीएचा शिक्का. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. गावात शंभर मुलांना शिकवू शकतील अशा कंपन्याच नाहीत आणि कॉलेजने त्या शोधलेल्या नाहीत.

एक शंका ऐपतवाले पालक खाजगीत बोलून दाखवतात, ती इथे उघड मांडतो: ही गरिबांची पदवी होणार का? ज्यांना परवडतं ते तीन-चार वर्षं निवांत शिकणार आणि बाकीच्यांनी शिफ्ट करून पदवी घ्यायची, अशी विभागणी होण्याचा धोका खरा आहे. यावर विप्रोचं उदाहरण मला दिलासा देणारं वाटतं. बी.एस्सी., बीसीए झालेल्या मुलांना नोकरी देऊन, बिट्स पिलानीबरोबर त्यांना पदव्युत्तर पदवीपर्यंत नेण्याचा कार्यक्रम त्या कंपनीने नव्वदच्या दशकात सुरू केला. त्यात कंपनी न सोडण्याची अट होती, शनिवार वर्गात जात. पण पदवीवरचं नाव वजनदार होतं आणि अभ्यासक्रमाची सूत्रं विद्यापीठाच्या हाती होती, त्यामुळे बाहेर त्या पदवीला कोणी दुय्यम म्हटलं नाही. काम करून मिळवलेली पदवी हलकी ठरेल की नाही, हे विद्यापीठ आपली परीक्षा किती कडक ठेवतं यावर ठरेल.

म्हणून प्रत्येक कॉलेज, कंपनी आणि विद्यार्थी यांच्यात जो तिघांचा करार होतो, त्याकडे मी सगळ्यांचं लक्ष वेधतो. आज मुलगा त्यावर न वाचता सही करतो, कारण तो इंग्रजीत असतो आणि गेटपाससाठी घाई असते. तो मराठीत असावा, आणि आईवडिलांसमोर वाचला जावा. कंपनीतले महिने आणि वर्गातले महिने वेगळे असतील, वर्गाच्या महिन्यांतही विद्यावेतन चालू राहील, रात्रपाळी असेल तर दुसऱ्या दिवशी लेक्चर नसेल, हे त्यात लिहिलेलं असावं. एका स्टेशनवर जास्तीत जास्त किती आठवडे, त्यानंतर स्टोअर, मेंटेनन्स, टूल रूम, क्वालिटी यांतलं कुठलं काम, हेही लिहिलेलं असावं. मुलींसाठी येण्याजाण्याची बस आणि राहण्याची सोय कोणाच्या जबाबदारीवर, याची ओळ त्यात हवी. नाहीतर पालक मुलीला पाठवणारच नाहीत, आणि त्यांचं चुकणारही नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या प्राध्यापकाचं नाव हवं, आणि त्याच्या प्रवासखर्चाची तरतूद. बाजारात मंदी आली आणि कंपनीने मधेच प्रशिक्षण थांबवलं, तर राहिलेली सत्रं विद्यापीठ स्वतःच्या वर्गात, वेगळी फी न घेता पूर्ण करून देईल, हे कलम तर पहिल्या पानावर असावं. या अटी न मानणाऱ्या कंपनीला मुलं देऊ नयेत, मग ती कितीही मोठी असो. आणि असं सांगायची जबाबदारी प्राचार्यांची आहे, एकोणीस वर्षांच्या मुलाची नव्हे.