आपले संरक्षण आणि दुसऱ्याचे

मार्च २०२१ मधील ती बातमी सिंगापुरातील आपले बंधुभगिनी विसरले नसतील. वॉटरलू स्ट्रीटवरील मागेन अबोथ प्रार्थनालयातून प्रार्थना आटोपून बाहेर पडणाऱ्यांवर चाकूने हल्ला करण्याचा बेत एका २० वर्षांच्या तरुणाने रचला होता. त्यास अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केल्याचे सरकारने जाहीर केले. कोणाच्या अंगावर ओरखडाही उठला नव्हता. तरी १८७८ पासून चालत आलेल्या त्या प्रार्थनालयाच्या दाराशी पुढच्या शब्बाथला कितीकांची पावले क्षणभर थबकली असतील! सरकारने वेळीच हात धरला म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. आज त्याच प्रसंगावरून एक प्रश्न विचारावासा वाटतो. जे संरक्षण आपणांस हवे, ते ज्यांचे जगणे आपल्यापैकी अनेकांना पटत नाही, अशांसही मिळावे काय?

आम्ही बोलत आहोत ते समलिंगी स्त्रीपुरुषांविषयी आणि जन्मतः नोंदलेल्या लिंगाशी ज्यांचे मन किंवा शरीर जुळत नाही अशांविषयी. पुरुषापुरुषांतील संबंध गुन्हा ठरविणारे ३७७ अ हे कलम येथे इंग्रजी अमलात, १९३८ साली आले. त्याचे थोरले भावंड, कलम ३७७, हे तर हिंदुस्थानच्या १८६० च्या दंडसंहितेतले. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते हिंदुस्थानच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. सिंगापूरच्या संसदेने २९ नोव्हेंबर २०२२ रोजी ३७७ अ काढून टाकण्याचे विधेयक संमत केले, आणि ३ जानेवारी २०२३ पासून ते कलम गेले. त्याचबरोबर विवाहाच्या व्याख्येस न्यायालयातील आव्हानापासून जपणारी घटनादुरुस्तीही झाली.

गुन्हेगारीचा शिक्का गेला; पण द्वेषापासून बचाव किती मिळाला? धार्मिक सलोखा राखण्याच्या १९९० च्या कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली. तीनुसार धर्माच्या नावाने एखाद्या गटाविरुद्ध हिंसेची चिथावणी देणे हा गुन्हा आहे, आणि तो गट समान लैंगिक ओढ असलेल्यांचाही असू शकतो. २०१४ च्या छळविरोधी कायद्याचा आधार धमकी मिळालेल्या कोणासही घेता येतो. मात्र वंश किंवा धर्म यांच्या द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांस जी वाढीव शिक्षा आहे, तीत या लोकांचा उल्लेख नाही. नोकरीतील भेदभावाविरुद्ध जानेवारी २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यातही लैंगिक ओढ व लिंगओळख ही कारणे घेतलेली नाहीत.

कोणी म्हणेल, हेतू पाहून शिक्षा वाढविणे म्हणजे विचारालाच शिक्षा. आम्हांस हे पटत नाही. चुकून मारणे आणि ठरवून मारणे यांत कायदा पूर्वीपासून फरक करीत आला आहे. शिवाय द्वेषाचा वार एकावर पडतो, पण तो भिववितो सर्वांना. वॉटरलू स्ट्रीटच्या दाराशी आपण हेच अनुभवले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उद्या धर्मवचन वाचणाराच गुन्हेगार ठरणार काय? तसे होऊ नये. अमुक कृत्य निषिद्ध आहे असे मानण्याचा व सांगण्याचा अधिकार राहिलाच पाहिजे. प्रत्येक कडू शब्दासाठी तुरुंग नको. पण ‘अशांना ठोकून काढा’ हा उपदेश नव्हे, ती चिथावणी होय. तोरात देहान्ताची वचने आहेत, हे खरे. परंतु आपल्या रब्बींनी ती शिक्षा जवळजवळ अशक्य करून ठेवली, हेही तितकेच खरे.

केवळ कायद्याने मात्र भागत नाही. इस्राएलात लैंगिक ओढीच्या द्वेषातून केलेल्या गुन्ह्यास जादा शिक्षा देण्याची तरतूद २००४ सालीच झाली. तरी २००५ साली येरुशलेममधील अशा लोकांच्या मिरवणुकीत चाकू चालविणारा मनुष्य शिक्षा भोगून सुटला आणि काही आठवड्यांतच, जुलै २०१५ मध्ये, त्याने पुन्हा तेच केले. १६ वर्षांची एक मुलगी प्राणास मुकली. तुरुंगाने त्याचा हात दहा वर्षे अडविला, मन बदलले नाही. मन घडते ते घरी, शाळेत आणि प्रार्थनालयात.

तेव्हा आपल्याच घरात पाहू. कोकणात आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणत. त्या नावात कधी ओळख असे, कधी हेटाळणी. १९६२ साली इस्राएलात विवाहाच्या वेळी आपल्या कुळाची चौकशी होऊ लागली, तेव्हा कोणी आपल्यावर हात उगारला नव्हता. तरीही ते शल्य इतके खोल गेले की १९६४ पर्यंत आपली माणसे झगडत राहिली. मार न खाताही माणूस घायाळ होतो, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायला नको.

आणि तरीही लग्नाच्या मांडवात एखाद्या नाजूक चालीच्या मुलाची नक्कल होते, आणि आपण सारे हसतो. त्याच पंगतीत आपलाच एखादा भाचा किंवा पुतणी मान खाली घालून जेवत असेल. त्यांनी कसे जगावे याविषयी आपले मत काहीही असो, आपल्या घरात त्यांस भय वाटू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. सरकारकडे संरक्षण मागण्याचा हक्क आपण खुशाल बजावावा. पण त्याआधी पुढच्या पंगतीतले ते हसू थांबवावे.