विषाणू शील विचारत नाही

अहिल्यानगरच्या सावेडीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या की साखर, रक्तदाब, गुडघे, सगळ्यांची चौकशी होते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, संबंधानंतर डाग पडणं, घाण वासाचं पाणी जाणं, यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. बोललंच तर कानात, आणि उत्तर ठरलेलं : ‘बाईच्या जातीला हे असायचंच.’ या उत्तरानेच दुखणं घरात मुरतं.

ही लक्षणं गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचीही असू शकतात, आणि हा कर्करोग बहुतेक वेळा ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो म्हटलं, की बोट लगेच बाईच्या चारित्र्याकडे वळतं. हा अन्याय आहे. जन्मभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही हा संसर्ग होतो. तो कुणाकडून आला, हे बहुधा सांगताच येत नाही, कारण वर्षानुवर्षं तो काहीही त्रास न देता राहू शकतो.

आणि तो दुर्मीळही नाही. आपल्या जामखेडला लागूनच धाराशिव जिल्हा आहे. तिथल्या खेड्यांत 1999 पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. विषाणूची तपासणी झालेल्या सुमारे 27,000 जणींपैकी दहा टक्के जणींच्या अंगात धोकादायक प्रकार सापडले. या साध्या घरच्या, खेड्यातल्या बायका होत्या. दहातल्या एकीला आपण चारित्र्यहीन म्हणणार आहोत का?

त्याच अभ्यासाने आशाही दिली. आठ वर्षांत विषाणूच्या तपासणीच्या गटात या कर्करोगाने 34 स्त्रिया दगावल्या, तर जवळपास तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटात 64. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने एवढा फरक पडला. विषाणू सापडणं म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. तेवढा अवधी आपल्या हातात असतो. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी या कर्करोगासाठीची तपासणी कधीतरी करून घेतली होती.

पैसा, अंतर, वेळ या अडचणी खऱ्या आहेत. पण सावेडीसारख्या शिकलेल्या, दवाखाने हाताशी असलेल्या वस्तीत सर्वांत मोठा अडसर लाजेचा आहे. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 पासून जामखेडच्या अल्पशिक्षित बायकांच्या हाती गावाचं आरोग्य सोपवलं, आणि त्यांनी ते पेललं. मग आपण आपल्याच शेजारणीशी बोलायला का कचरतो?

मुलींसाठी या विषाणूविरुद्धची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस 2023 पासून उपलब्ध आहे. ती नऊ ते चौदा या वयात दिली तर सर्वांत उपयोगी. लस मुलीला बिघडवते, ही भीती निराधार आहे. घरातल्या पुरुषांनीही हे बायकांचं गुपित समजू नये. बायकोला ‘चल, मी येतो’ म्हणणं हे नवऱ्याचं कर्तव्य आहे.

भगिनींनो, तुमचं वय तिशीच्या पुढे असेल तर येत्या महिन्यात तपासणी करून घ्या. आणि पुढच्या हळदीकुंकवाला वाण देताना प्रत्येकीला मोठ्याने विचारा : तुझी तपासणी झाली का?