अटीचे दुसरे टोक

बेकार तरुणाला सरकारने पैसे द्यावेत की नाहीत, या प्रश्नाचे आपले उत्तर बहुधा ठरलेले असते: द्यावेत, पण फुकट देऊ नयेत. फुकटच्या पैशाने माणूस ऐदी होतो, अशी आपली समजूत. म्हणून आपण अट घालतो. आधी शीक, मग घे. महाराष्ट्रात २०२४ साली निघालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत हीच अट होती. अठरा ते पस्तीस वयाच्या उमेदवाराने कचेरीत वा कारखान्यात सहा महिने प्रशिक्षण घ्यावे, आणि दरमहा बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय वा पदविका घेतलेल्याला ८,००० व पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन मिळावे.

अट घालणे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. दान घेणाऱ्याची मान थोडी तरी खाली जाते. मोबदला घेणाऱ्याला तसे वाटण्याचे कारण नसते. परंतु शिकण्याची अट ज्याने घातली, त्याने शिकवण्याचेही पत्करले, नव्हे काय? पदवीधर मुलाला सहा महिने या टेबलावरच्या फायली त्या टेबलावर न्यायला लावले, तरी त्याची हजेरी पूर्ण भरते. त्याने आपला शब्द पाळला. विद्यावेतनातली विद्या तेवढी आपल्याकडून द्यायची राहिली. यावर कोणी म्हणेल, कचेरीत शिकवायला सवड कोणाला आहे? सवड नसेल, तर अट घालण्याचा अधिकारही नाही.

दोन्ही बाजूंना बांधणारी अट आपल्याच राज्याने पूर्वी घातलेली आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मजुराने अंगमेहनतीची तयारी ठेवावी, ही अट त्याला. आणि मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा, ही अट सरकारला. भत्त्याची रक्कम मोठी नव्हती. तथापि शब्द मोडल्याचा दंड तेथे देणाऱ्याने भरायचा होता.

प्रशिक्षणाच्या योजनेत असा दंड कोणाला? २०२५ साली मुदत पाच महिन्यांनी वाढली, आणि कायम नोकरी मागत प्रशिक्षणार्थींनी आंदोलनेही केली. त्यांची मागणी मान्य करणे शक्य आहे की नाही, हा वेगळा वाद. पण त्यांना हावरे म्हणण्यापूर्वी, त्या महिन्यांत त्यांच्या हाताला कोणते काम आले, हे एकदा विचारायला हवे. पुढच्या मालकाला दाखवण्याजोगे काही आले नसेल, तर जिथे उमेदवारी केली तिथेच चिकटून राहण्याखेरीज त्यांनी काय मागावे?

आपण त्यांना पैसे दिले, हे खरे. त्यांनी आपल्याला बाविसाव्या-तेविसाव्या वर्षांतले महिने दिले. पैसा सरकार पुढच्या वर्षी पुन्हा गोळा करील. ते महिने मात्र त्या मुलांना कोणी परत देणार नाही. मग उपकार कोणी कोणावर केले, हे निदान खतावणी मिटण्यापूर्वी एकदा तपासून पाहावे.